तीन नंबरचं रोप

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे संचालक साहेब, व्यासपीठावर बसलेल्या डॉक्टरबाई, जिच्यासाठी आपण सगळे जमलोय ती माझी ताई, समोर बसलेले शास्त्रज्ञ, इंजिनिअर, कार्यशाळेतले सगळे दादा, कँटीनच्या मावशी, मागे दाराजवळ उभे असलेले सुरक्षारक्षक काका, आणि पहिल्या रांगेत जागा असूनही चौथ्या रांगेत बसलेले माझे रोपघरातले लोक, तुम्हा सगळ्यांना माझा मनापासून नमस्कार.

एवढं वाक्य मी अकरा दिवस पाठ करत होते. ते झालं. पुढचं कागदावर आहे.

माइक जरा खाली करता का? थँक्यू दादा. अजून थोडा. हां.

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी ताईची धाकटी बहीण. वय सतरा. रोपघरात काम करते. शाळा नववीत सोडली. का सोडली, तर तोंडी परीक्षेत बाईंनी मला उभं केलं आणि मी दहा मिनिटं नुसती उभी राहिले. उत्तर येत होतं. तोंडातून आलं नाही. वर्गात मला आधीपासूनच ‘मुकी’ म्हणायचे, त्या दिवशी बाईंनीपण म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी गेले नाही, तिसऱ्या दिवशीही गेले नाही. आठवडाभराने आई म्हणाली, "बोलता येत नाही तर नको बोलू. हात चालतात ना? चल माझ्याबरोबर." आई इथेच रोपघरात कामाला होती, एकोणीस वर्षं, तुम्हाला माहीतच आहे. बाबा मी लहान असतानाच गेले, त्यामुळे घरात आम्ही तिघीच.

म्हणजे आज मी इथे उभी आहे हा माझ्या शाळेवाल्यांना चमत्कारच वाटेल. मलाही वाटतोय. टेबलाला धरून उभी आहे, बरं झालं ते मोठं आहे.

मला बोलायला कोणी सांगितलं? मिनिटवाल्या काकांनी. रोपघराचे प्रमुख. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावरच असतं, बाकी सगळे मिनिटवाले काकाच म्हणतात, कारण ते नमस्कारसुद्धा घड्याळ बघून करतात. ते म्हणाले, "पोरी, चार शब्द बोल. सख्खी बहीण आहेस. तीन मिनिटं देतो." काका, मला तीन मिनिटांपेक्षा जास्त लागणार आहेत. आधीच सांगून ठेवते. घड्याळ खिशात ठेवा.

मला ताईला एक गोष्ट सांगायची आहे. ती परत आल्याला चार महिने झाले. या चार महिन्यांत मी ती सांगायला सहा वेळा तिच्या क्वार्टरवर गेले. दर वेळी ती म्हणते, "ये गं, केस काय झालेत तुझे!" आणि मला समोर बसवून केस विंचरायला लागते. तिने केसांना हात लावला की माझं तोंड बंद होतं. उद्या सकाळी सातच्या गाडीने ती जातेय. लांब. मुलांच्या शाळेत विज्ञान शिकवायला. दुसऱ्या मोहिमेला तिने नाही म्हटलंय, आणि का म्हटलंय ते इथे कोणाला माहीत नाही, मला माहीत आहे. म्हणून आज सांगायचं. इथे हातात कागद आहे, समोर तुम्ही एवढे लोक आहात, आणि मागे सुरक्षारक्षक काका दारात उभे आहेत, त्यामुळे पळता येणार नाही.

पण आधी आमचं काम सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. शास्त्रज्ञांनी माफ करावं, मी मला कळतं तसं सांगणार.

वर अंतराळ स्थानकात, जिथे ताई होती, एक पेटी होती. आपल्या कपाटाएवढीही नाही, कपाटाच्या एका कप्प्याएवढी. तिच्यात सहा रोपं, मोहरीची. एक ते सहा नंबर. तश्शीच पेटी इथे खाली आमच्या रोपघरात. तेच बी, तीच माती, तोच गुलाबी दिवा. वर जे जे होईल ते ते खाली तसंच करायचं. वर गरम झालं, खाली गरम करायचं. ताईने चाळीस मिली पाणी दिलं, मीपण चाळीसच द्यायचं. ताईने एखादं पान तोडलं, मी तेच पान तोडायचं. म्हणजे शेवटी दोन्ही रोपं शेजारी ठेवली की जो काही फरक दिसेल तो एकाच गोष्टीचा. इथे वजन आहे, तिथे नाही.

फक्त आम्ही दोन दिवस मागे असायचो. वरचे आकडे खाली यायला, तपासायला, आमच्या पेटीत बसवायला वेळ लागतो. म्हणून ताईने रविवारी जे केलं ते मी मंगळवारी करायचे. सोमवारचं बुधवारी. रोज सकाळी ट्रेमध्ये दोन कागद यायचे. पिवळ्यावर दोन दिवसांपूर्वी वर काय झालं ते असायचं, तो माझा. पांढऱ्यावर वर आज काय होणार आहे ते, तो फक्त काकांच्या माहितीसाठी. पिवळा बघायचा, पांढऱ्याला हात लावायचा नाही. बस्स, एवढं सोपं काम. अडीचशे दिवस मी एकदाही चुकले नाही. ताई रविवारच्या फोनवर म्हणायची, "वरच्या घड्याळात एखादा सेकंद इकडेतिकडे होईल, आमची धाकटी नाही व्हायची."

रविवारचा फोन म्हणजे आमचा सण... सण नाही, म्हणजे वाट बघायचो आम्ही. वीस मिनिटं मिळायची. ताई पडद्यावर यायची, केस सगळे उभे, जसं कोणी घाबरवलंय. आई पहिलं वाक्य दर वेळी तेच बोलायची: "बांध की गं ते केस." मग ताई सांगायची. भिंतीला पिशवी बांधलीय, तिच्यात उभ्याने झोपते. उभ्याने म्हणायचं आपलं, तिथे उभं-आडवं काही नसतं. पायाचे तळवे मऊ पडलेत आणि वरच्या बाजूला घट्टे आलेत, कारण सारखं पट्ट्यांमध्ये पाय अडकवून राहावं लागतं. दिवसातनं सोळा वेळा सूर्य उगवतो, तर कुठल्याला सकाळ म्हणायचं? पाणी ओतता येत नाही, सिरिंजने मुळाशी ढकलायचं, जास्त झालं की त्याचा गोळा होऊन पानाला चिकटून बसतो, हलवला तरी जात नाही. मुळांना खाली कुठे ते कळत नाही, ती बिचारी सगळीकडे जातात.

आई ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "एवढं शिकून, एवढं वर जाऊन शेवटी पालेभाजीच लावलीस ना? मी चौथी पास. मीपण लावते."

ताई हसायची. पण फोन बंद होताना... मी इथून बघायचे ना पडद्यावर, शेवटच्या सेकंदाला ती हसायची थांबायची. आईने आयुष्यात कधी चांगलं म्हटलं नाही तिला. पहिला नंबर आला, "बरं." इथे निवड झाली, "जपून जा." आईचं तसंच होतं. एकोणीस वर्षांत तिने कुठल्या रोपालाही चांगलं म्हटलेलं कोणी ऐकलं नाही. मान तिरकी करून बघायची आणि म्हणायची, "हं. येईल."

एकदा ताईने सांगितलं, रोज उठल्यावर पहिल्यांदा ती पेटीचं झाकण उघडते आणि आत नाक घालते. वर सगळीकडे एकच वास, प्लास्टिकचा आणि माणसांचा. तेवढ्या एका पेटीत ओल्या मातीचा. ते कुठल्याच कागदावर नव्हतं. पण मी मंगळवारपासून सुरू केलं. रोज सकाळी पेटीत नाक घालायचे. काकांनी एकदा बघितलं. वहीत वेळ लिहिली.

आता मूळ गोष्ट. पाणी पिऊ का थोडं?

ताई वर जायच्या आधी एक फॉर्म भरावा लागतो. सगळ्यांनाच भरावा लागतो, डॉक्टरबाईंना माहीत आहे, त्याच भरून घेतात. त्यात विचारतात, तुम्ही वर असताना घरी काही वाईट झालं तर तुम्हाला कळवायचं का? केव्हा? आणि कोणी कळवायचं? ताईने तो आमच्या स्वयंपाकघरात बसून भरला. आई म्हणाली, "असले अभद्र कागद माझ्या ओट्यावर नको ठेवू." ताईने लिहिलं, कळवायचं. केव्हा, लगेच. कोणी, तिथे माझं नाव लिहिलं.

मी म्हटलं, "मी? ताई, मला बसमध्ये ‘उतरायचंय’ म्हणता येत नाही. मी एक स्टॉप पुढे जाऊन चालत येते."

ती म्हणाली, "म्हणूनच तू. तू उगाच काही बोलत नाहीस. तू बोललीस म्हणजे ते खरंच असणार."

हे तिने मला म्हटलं होतं.

आईच्या हृदयाची झडप आधीपासूनच खराब होती. ताई गेली तेव्हा गोळ्यांवर होती, ठीक होती. दोनशे सत्तेचाळिसावा की अठ्ठेचाळिसावा दिवस, शनिवार होता, कुंड्या धुताना आई खाली बसली ती उठेना. दवाखान्यात नेलं. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन झेपणार नाही, बघू. डॉक्टरबाई धावत आल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "फॉर्मवर तुझं नाव आहे. उद्या तुमचा फोन आहे. तू सांगशील? का मी सांगू?" मी म्हटलं, मी सांगते.

पण आईने हात धरला माझा. म्हणाली, "बुधवारी तिला बाहेर जायचंय. तो पंप की काय बदलायला, त्या मोठ्या कपड्यात, दोरी बांधून. डोकं ठिकाणावर लागतं त्याला. आत्ता सांगितलंस तर तिचा हात थरथरेल. बुधवारी संध्याकाळी ती आत आली की सांग. मी थांबते तोवर."

मी थांबते, असं म्हणाली. जणू काय बसस्टॉपवर उभी आहे.

रविवारी ताई पडद्यावर आली. म्हणाली, "आई कुठे?" मी म्हटलं, "झोपलीय." ताई म्हणाली, "या वेळेला?" मी म्हटलं, "दमलीय." ती म्हणाली, "बरं झालं, मी केस बांधलेच नव्हते."

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. साहेब, तुम्ही आत्ता भाषणात हीच सांगितलीत. खूप छान सांगितलीत. तुम्ही म्हणालात, "स्वतःचा जीव जात असताना या माउलीने लेकीच्या कर्तव्याआड यायचं नाकारलं. शेवटपर्यंत निरोप धाडला नाही. केवढं हे मन!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईनेही वाजवल्या. मी तिच्याकडेच बघत होते. ती हसत होती आणि टाळ्या वाजवत होती, आणि टाळ्या थांबल्या त्या सेकंदाला तिचं हसणं थांबलं.

साहेब, तुम्ही वयाने मोठे, मानाने मोठे. मी तुम्हाला चूक म्हणते असं समजू नका. तुम्हाला जे सांगितलं गेलं तेच तुम्ही सांगितलंत. आणि ते तुम्हाला मीच सांगितलं होतं.

ते अर्धंच खरं आहे.

मंगळवार. रात्रभर दवाखान्यात बसून मी सकाळी रोपघरात आले. रोपांना सुट्टी नसते. ट्रेमध्ये दोन कागद होते. मी उचलला एक, त्यावर होतं, तीन नंबरचं रोप मुळासकट काढा, धुवा, डबीत भरा. मी काढलं. धुतलं. डबीत भरलं. अकरा वाजता रोजचा फोटो निघाला, वर गेला. मग मी हातातला कागद बघितला. पांढरा.

तीन नंबर मी गुरुवारी काढायचं होतं. ताई वर त्या दिवशी काढत होती. अडीचशे दिवसांत पहिल्यांदा मी दोन दिवस मागे नव्हते. तिच्याबरोबर होते. आणि उपटलेलं रोप परत लावता येत नाही. लावून बघितलं मी, काकांना माहीत आहे. दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं. काकांनी माझी बोटं एकेक करून सोडवली.

दीड वाजता वरून निरोप आला, माझ्या नावाने. काका वाचून दाखवायला लागले आणि मध्येच थांबले, मग कागद माझ्या हातात दिला. ताईने लिहिलं होतं, "तुझ्या फोटोत तीन नंबरची जागा आजच रिकामी आहे. तू दिवस चुकत नाहीस. घरी काही झालंय का?"

बघा. दोनशे वीस मैल, का किती ते, एवढ्या वरून तिने एका रिकाम्या भोकावरून ओळखलं. वर नऊशे यंत्रं असतील, कोणाला कळलं नाही ते तिला कळलं. आणि तिने सरळ विचारलं. आता मला सांगायचीही गरज नव्हती. फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. एक अक्षर.

मी टाइप केलं, "चूक झाली. घरी सगळं ठीक."

काका म्हणाले, "पोरी, असं लिहायचंय तुला? नक्की?" मी मान हलवली. त्यांनी पाठवलं.

आईने सांगितलं होतं म्हणून लिहिलं, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. साहेबांना, डॉक्टरबाईंना, ताईला. पण तसं नाही. मी घाबरले. मी रविवारी खोटं बोलले होते, आता खरं सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मग रविवारी का नाही सांगितलंस? एवढंच. एवढ्यासाठी.

आणि आता जे सांगते ते कोणालाच माहीत नाही. काकांनाही नाही.

त्याच दिवशी, मंगळवारी, चार वाजता मी दवाखान्यात गेले. आई उशीला टेकून बसली होती. चेहरा बरा वाटत होता. मला बघितल्या बघितल्या म्हणाली, "लाव तिला फोन."

मी म्हटलं, "कोणाला?"

"कोणाला काय, तुझ्या बहिणीला. मला बोलायचंय."

मी म्हटलं, "आई, उद्या. उद्या ती बाहेर जाऊन येऊ दे. तूच म्हणालीस ना?"

"म्हणाले. आता नाही म्हणत. बुधवार-बिधवार राहू दे. तिचा आवाज ऐकू दे मला. मी काही रडणार नाही, तू नको घाबरू."

डॉक्टरबाईंनी सांगून ठेवलं होतं, कधीही फोन करा, दहा मिनिटांत लाइन जोडून देते. नंबर माझ्या खिशात होता. पण अडीच तासांपूर्वी मी लिहून पाठवलं होतं, सगळं ठीक. आईने फोन घेतला असता तर मी पकडली गेले असते.

मी आईला म्हटलं, "आज लाइन मिळत नाहीये गं."

आईने माझ्याकडे बघितलं. तिला कळलं की नाही, मला माहीत नाही. रोज मी हाच विचार करते की तिला कळलं का. ती म्हणाली, "बरं. मग तू सांग तिला." मग तिने मला सांगितलं, काय सांगायचं ते. ते सांगतेच आता.

बुधवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी आई गेली. ताई तेव्हा बाहेर होती, पंपाचा शेवटचा बोल्ट बसवत होती. तिचा हात थरथरला नाही. काम अगदी व्यवस्थित झालं. संध्याकाळी ती आत आली, सूट काढला, आणि डॉक्टरबाईंनी तिला सांगितलं. मी सांगायला हवं होतं. माझं नाव लिहिलं होतं. मी त्या खोलीच्या बाहेर खुर्चीवर बसले होते.

पुढचे दोन दिवस वर ताईने रोपांना पाणी दिलं नाही. पेटी उघडलीच नाही. कोणी तिला काही म्हटलं नाही.

आणि मग शनिवारी माझ्याकडे पिवळा कागद आला. पाणी: शून्य. रविवारीही, पाणी: शून्य. झाकण: बंद. मी पेटीसमोर स्टूल घेऊन बसले. पाच रोपं. पहिल्या दिवशी पानं मऊ पडली. दुसऱ्या दिवशी खाली झुकली. सिरिंज माझ्या हातात होती, भरलेली. आणि मिनिटवाले काका, ज्यांनी कधी कोणाला एक मिनिट माफ केलं नाही, ते मागे येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "पोरी, मी चष्मा काढून ठेवलाय. मला काही दिसत नाही. दे थोडं."

मी म्हटलं, "नको काका. जसं वर, तसं खाली."

ताई, मला तुझ्याजवळ यायला दुसरा रस्ता नव्हता. तू दोन दिवस कशी बसली होतीस ते मला त्या कागदावरून कळलं. फोन आपण दोघींनीही केला नाही. सोमवारी कागद आला, पाणी: साठ मिली. मी साठ दिलं. तुझी दोन रोपं गेली, माझं एक गेलं. अहवालात खाली बारीक अक्षरात लिहिलंय, जमिनीवरचं रोप क्रमांक तीन हिशेबात धरू नये. कारण लिहिलं नाही.

तू परत आलीस, तेव्हा तुला धरून उतरवलं, पाय टेकत नव्हते. मी रडत होते आणि तू माझी समजूत घालत होतीस. म्हणालीस, "तुझी काही चूक नाही गं. आईनेच सांगितलं होतं ना नको म्हणून?" मी मान हलवली. आणि मग एकदा, केस विंचरताना, माझ्या मागे बसून तू म्हणालीस, "तिला शेवटचंसुद्धा बोलावंसं वाटलं नाही माझ्याशी. पंप महत्त्वाचा वाटला. मी परत नाही जाणार वर." मी पाठमोरी होते. तोंड उघडलं होतं मी. तुला दिसलं नसेल.

म्हणून ती शाळेत शिकवायला चाललीय, साहेब. तुम्ही म्हणालात नव्या पिढीला घडवायला. ते ती घडवेलच. पण कारण ते नाही.

ताई, आता आईने काय सांगितलं ते. तिच्या उशाशी तुझ्या पेटीचा फोटो होता, रविवारचा, मीच नेला होता. तो तिने चष्मा लावून बराच वेळ बघितला. मान तिरकी करून. मग म्हणाली, "तिला सांग, रोपं चांगली आलीत. मला अशी कधी आली नाहीत. आणि तिला सांग, मी रोज घाबरते. ती गेली त्या दिवसापासून एक दिवस असा नाही की घाबरले नाही. पण सांगितलं असतं तर ती गेली नसती, म्हणून पालेभाजी पालेभाजी करत बसले."

एवढंच. शब्द हेच. मी त्याच संध्याकाळी लिहून ठेवले होते, विसरायला नको म्हणून. म्हणजे सांगायची हिंमत नव्हती, आणि विसरायचीही नव्हती.

काका, किती मिनिटं झाली? नको, राहू दे.

आभार मानायचे आहेत. अध्यक्ष साहेबांनी माझ्यासारख्या नववी नापास... नापास पण नाही, मी बसलेच नाही परीक्षेला, अशा मुलीला या टेबलामागे उभं राहू दिलं, त्यांचे आभार. डॉक्टरबाई, जे माझं काम होतं ते तुम्ही केलंत आणि कधी बोलून दाखवलं नाहीत, तुमचे आभार. मिनिटवाल्या काकांचे आभार, त्या चष्म्यासाठी. कँटीनच्या मावशींनी आई गेल्यावर पंधरा दिवस माझा डबा न मागता भरला, त्यांचे. माइकवाल्या दादांचे. आणि तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ मध्येच न उठता ऐकलंत, त्याबद्दल.

बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, समारंभात बोलू नये असं बोलले असेन, तर तुम्ही सगळी मोठी माणसं आहात, पोटात घाला.

ताई, तुला मी तसं म्हणणार नाही. तू मला आधीच माफ केलं होतंस, पण ते जे मी केलंच नव्हतं त्याबद्दल. ती माफी माझ्याजवळ चार महिने आहे, मला ती पचली नाही. ती मी तुला परत देते. आता खरं कळलंय, आता तुला काय करायचं ते तू ठरव. उद्या गाडीवर येऊ नको म्हणालीस तर मी येणार नाही. आयुष्यभर बोलू नको म्हणालीस तर तेही मला जमतं, मला सवय आहे.

फक्त हे बरोबर घेऊन जा. आईला तुझ्याशी बोलायचं होतं. तिने दोनदा सांगितलं, फोन लाव म्हणून. तिने नाही टाळलं तुला. फोन मी लावला नाही.

माझं बोलणं संपलं. नमस्कार.